कानाला सोसवेल तेच संरक्षण

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, गुडघे आणि झोप यांविषयी वेळोवेळी बोलत आलो आहोत. आजचा विषय थोडा वेगळा वाटेल. बंदुकीच्या बाराचा आणि वडीलधाऱ्यांच्या आरोग्याचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येईल. परंतु लोणी काळभोर, थेऊर, उरुळी कांचन या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला हा संबंध वारंवार दिसतो. आमच्या भागात सैन्यातून निवृत्त झालेले अनेक ज्येष्ठ आहेत. त्यांतील काहींनी पुढे बँकेच्या दारावर बाराबोरची बंदूक घेऊन पहारा केला. मुळा-मुठेच्या काठच्या उसात रानडुकरे शिरतात, म्हणून पीकसंरक्षणाचा परवाना बाळगणारे शेतकरी आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्यात पीकसंरक्षणासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. आणि आता नातवंडेही नेमबाजीकडे वळू लागली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यानंतर बालेवाडीच्या क्रीडासंकुलातील नेमबाजी केंद्राची चौकशी करणारे आई-वडील मलाही भेटले. मुलांना सरावाला नेण्या-आणण्याचे काम पुष्कळ घरांत आजोबांकडे येते. म्हणजे बंदूक हाती नसली, तरी कान तिथे असतातच.

मी कानाचा तज्ज्ञ नव्हे, कुटुंबाचा डॉक्टर आहे. तरीही एक गोष्ट खात्रीने सांगतो. बाराने गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही औषधाने परत येत नाही, आणि तिचे रक्षण करण्याचे साधन मात्र बाजारात चहाच्या किमतीपासून मिळते. असे असूनही ते वापरले का जात नाही? बहुतेकांचे उत्तर एकच असते, 'डॉक्टर, ते कानाला सोसत नाही.' म्हणून आज सोसवेल असे साधन कसे निवडावे, याचाच विचार करू.

एक बार किती मोठा?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात, हे आपण जाणता. पण या मापाची एक खोड लक्षात ठेवली पाहिजे. ते साध्या बेरजेने चढत नाही. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, आणि १० वाढले की दहापट. घरातले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काम करणाऱ्याने कान झाकावेत, असा संकेत आहे. बाराबोरच्या बंदुकीचा बार मात्र कानापाशी १५० डेसिबलच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक स्फोटक आवाजासाठी प्रौढांना १४० आणि मुलांना १२० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. बाराबोरचा एकच बार उघड्या कानाने ऐकला, तरी प्रौढांची मर्यादा ओलांडली जाते.

निसर्गाने कानाला एक छोटा रक्षक दिला आहे. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आखडतो आणि हाडांची साखळी घट्ट धरून आवाज थोडा अडवतो. परंतु त्याला जागे व्हायला सेकंदाचा काही शतांश ते दहावा भाग इतका वेळ लागतो. बार त्याआधीच होऊन गेलेला असतो. आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या नळीत, सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि मेंदूकडे संदेश धाडतात. बाराच्या धक्क्याने त्यांतील काही मोडतात. त्वचेच्या वा यकृताच्या पेशींप्रमाणे माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

हे नुकसान प्रथम उंच स्वरांत होते, बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणून माणूस म्हणतो, 'मला ऐकू येते, पण कळत नाही.' स, श, फ, ट, क ही व्यंजने पुसट होतात. ट्रॅक्टरचा आवाज येतो, पण नातीचे बोलणे लागत नाही. वयोमानाने होणारी श्रवणहानीही याच उंच स्वरांपासून सुरू होते. तरुणपणी बाराने खाल्लेले आणि म्हातारपणाने खाल्लेले एकत्र येतात. साठीनंतर घरच्यांना वाटते की हे अचानक झाले.

आणखी एक खूण सांगतो. लांब नळीची बंदूक उजव्या खांद्याला लावणाऱ्याचा डावा कान बहुधा अधिक बिघडतो. उजवा कान खांद्याकडे झुकलेला आणि डोक्याच्या आडोशाला असतो, तर डावा कान नळीच्या तोंडाच्या बाजूला येतो. आजोबा फोन नेहमी उजव्याच कानाला लावत असतील आणि जेवताना डावीकडच्या माणसाला उत्तर देत नसतील, तर त्यांच्या जुन्या नोकरीची चौकशी करावी.

न सोसणारे साधन म्हणजे नसलेले साधन

माझ्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आहेत. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह, डोळ्यांवर जाड चष्मा. नातीला सरावाला नेतात आणि बाकावर बसून राहतात. नातीने दिलेले इअरमफ त्यांनी दोनदा लावले आणि पिशवीत टाकले. चष्म्याची काडी कानामागे रुतते, कपाळ ठणकते, घाम येतो आणि मुलीचे प्रशिक्षक काय सांगतात ते कळत नाही, अशा चार तक्रारी त्यांनी माझ्यापुढे मांडल्या. चारही खऱ्या होत्या. वर ते म्हणाले, 'आमचे काय आता उरले आहे ऐकायचे?' त्यांच्या सूनबाई शेजारीच होत्या. त्यांचे डोळे भरून आले, कारण घरात गेले वर्षभर सासरे जेवणानंतर कोणाशी न बोलता खोलीत जाऊन बसत होते.

या वाक्यावर मी थोडे थांबून बोललो, आणि आपल्यालाही तेच सांगतो. उरलेले ऐकणे हेच सर्वांत मौल्यवान असते. ज्याच्याकडे शंभर रुपये आहेत त्याचे दहा हरवले तर तो चालवून घेईल. ज्याच्याकडे वीसच आहेत त्याने दहा हरवू नयेत. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू बोलणे टाळतो, मग बैठक टाळतो, मग घरातच एकटा होतो. वैद्यकीय जगतात 'लॅन्सेट'च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणहानीची गणना केली आहे, ती काही उगाच नव्हे.

आता एक हिशेब पाहा. समजा, ३० डेसिबल आवाज अडवणारे उत्तम इअरमफ आपण सततच्या गोंगाटात लावले, पण दर तासाला सहा मिनिटे काढून ठेवले. तर एकूण संरक्षण ३० चे २७ उरत नाही, ते सुमारे १० डेसिबलवर येते. बंदुकीच्या बाबतीत तर काढून ठेवलेल्या क्षणी झालेला एक बारही पुरतो. म्हणून दिवसभर अंगावर राहील असे २२ डेसिबलचे साधन हे पिशवीत पडून राहणाऱ्या ३३ डेसिबलच्या साधनापेक्षा श्रेष्ठ आहे. आरामाचा विचार ही चैन नव्हे, तो संरक्षणाचाच भाग आहे.

साधनांचे प्रकार आणि त्यांचे गुणदोष

पहिला प्रकार म्हणजे फोमचे इअरप्लग. हे स्वस्त आणि हलके असतात, चष्म्याला आड येत नाहीत, उन्हाळ्यात उकडत नाही आणि बंदुकीच्या दस्त्याला अडत नाहीत. मात्र ते नीट बसवले तरच उपयोगी. स्वच्छ हातांनी प्लग बोटांत वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसला की स्वतःचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमतो. दोन्ही तळहात कानांवर दाबून पाहावे. बाहेरचा आवाज फारसा बदलला नाही, तर प्लग ठीक बसला आहे. ज्यांची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत किंवा हात कापतात, त्यांना हे जमत नाही. त्यांच्यासाठी घरच्या माणसाने बसवून द्यावे.

दुसरा प्रकार सिलिकॉनचे, तीन कड्यांचे प्लग. ते वळावे लागत नाहीत, दांडीला धरून आत सरकवता येतात आणि साबणाने धुऊन पुन्हा वापरता येतात. कंप पावणाऱ्या हातांना हे सोपे. मात्र कानाची नळी अरुंद किंवा वाकडी असेल तर टोचतात, म्हणून दोन-तीन मापे पाहून घ्यावीत. तिसरा प्रकार म्हणजे कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग. श्रवणयंत्र बसवून देणारे ऑडिओलॉजिस्ट असा साचा घेतात. किंमत अधिक, पण ज्याला नियमित सराव करायचा आहे त्याला बहुधा हेच सर्वांत सुखावह वाटतात.

चौथा प्रकार इअरमफ, म्हणजे कान पूर्ण झाकणाऱ्या वाट्या. लावायला आणि काढायला सोपे आणि लावले की नाही हे दुरूनही दिसते, ही त्यांची मोठी जमेची बाजू. लहान मुलांसाठी आणि विसराळू ज्येष्ठांसाठी ते उत्तम. दोष असे की वजन मानेवर येते, घाम येतो आणि चष्म्याच्या काडीपाशी फट राहून काही डेसिबल आवाज आत शिरतो. मानेचा स्पॉन्डिलोसिस असणाऱ्यांनी वजन हातात घेऊन, शक्य तितके हलके निवडावे. टोपी किंवा फेटा असेल, तर पट्टा डोक्यावरून न जाता मानेमागून जाणारा प्रकार मिळतो. टोपीचा काठ वाटीखाली अडकू देऊ नये. स्त्रियांनी बुगडी वा मोठी कुडी काढून ठेवावी. स्वतः बंदूक चालवणाऱ्याने पातळ वाटीचे मफ घ्यावेत, कारण जाड वाटी दस्त्याला आपटते, मफ सरकतो आणि नेमक्या बाराच्या क्षणी फट पडते.

पाचवा प्रकार इलेक्ट्रॉनिक मफ. यात छोटे मायक्रोफोन असतात. साधे बोलणे ते आत पोहोचवतात आणि मोठा आवाज आला की आत देणे थांबवतात. कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठाला हे वरदानच, कारण प्रशिक्षकाची सूचना आणि नातीची हाक ऐकू येते आणि बारही अडतो. सेल संपले तरी वाट्यांचे मूळ संरक्षण राहते. वर सांगितलेल्या हवालदारांना अखेरीस सपाट, बारीक काडीचा दुसरा चष्मा आणि मऊ गादीचे इलेक्ट्रॉनिक मफ हा जोड सोसला.

खोक्यावरचा आकडा कसा वाचावा?

खोक्यावर एनआरआर किंवा एसएनआर असा आकडा छापलेला असतो. तो प्रयोगशाळेतला आहे. घरच्या वापरात इतके संरक्षण सहसा मिळत नाही. कारखान्यांसाठी वापरला जाणारा एक ढोबळ नियम असा: एनआरआरमधून ७ वजा करावे आणि उरलेल्याचे निम्मे करावे. ३३ चा प्लग असेल, तर हाती १३ धरावे. हा नियम सततच्या गोंगाटासाठीचा आहे, बाराला तो तंतोतंत लागू होत नाही. पण १५५ डेसिबलच्या बारातून १३ वजा केले तर १४२ उरतात आणि मर्यादा १४० ची आहे, एवढे त्यावरून समजते.

म्हणूनच बाराबोर किंवा पिस्तुलासाठी आत प्लग आणि वरून मफ असे दुहेरी संरक्षण घ्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. मात्र दोन्हींच्या आकड्यांची बेरीज करू नये. मोठ्या आकड्याच्या साधनात सुमारे ५ डेसिबलची भर पडते, इतकेच. तरीही या ५ डेसिबलचे मोल मोठे आहे. शिवाय मफ सरकला तरी प्लग जागेवर राहतो. बंदिस्त किंवा छताखालच्या जागेत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तिथे दुहेरी संरक्षण टाळू नये. खरेदी करताना ईएन ३५२ हे प्रमाण छापलेले आहे का, ते पाहावे. कापसाचा बोळा, रुमाल किंवा बोट हे संरक्षण नव्हे. कापसाने आवाज फारच थोडा अडतो आणि सुरक्षित असल्याचा भ्रम मात्र होतो. गाणी ऐकण्याचे साधे इअरफोनही या कामाचे नाहीत.

ज्येष्ठांसाठी विशेष सूचना

कानात मळ साचलेला असेल, तर प्लग त्याला आणखी आत ढकलतो. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावा. हेअरपिन, काडी किंवा गरम तेल यांचा उपयोग करू नये. मधुमेहींच्या कानाच्या नळीला ओरखडा आला, तर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पसरू शकतो. त्यांनी फोमचे प्लग एकदा वापरून टाकून द्यावेत आणि कान दुखू लागला किंवा वाहू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कान वाहत असताना प्लग घालूच नये, मफ वापरावेत.

श्रवणयंत्र बंद करून ठेवले की कान झाकला जातो, हा गैरसमज आहे. बंद यंत्र म्हणजे संरक्षण नव्हे, आणि चालू यंत्र तर भोवतालचा आवाज वाढवते. बार होण्याच्या ठिकाणी यंत्र काढून डबीत ठेवावे आणि योग्य साधन लावावे. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने, लघवीचे प्रमाण वाढवणारी काही औषधे आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांचा कानावर परिणाम होऊ शकतो. असे उपचार चालू असताना मोठ्या आवाजापासून अधिक दूर राहावे.

मफच्या गादीला चिरा पडल्या, ती कडक झाली किंवा पट्टा सैल पडला, तर गादी वा मफ बदलावेत. नियमित वापरात वर्षातून एक-दोनदा ही वेळ येते. मेच्या उन्हात गाडीत ठेवलेली गादी लवकर खराब होते.

आणि एक उलटी सूचना. रस्त्यावर, विशेषतः आपल्या सोलापूर महामार्गाच्या कडेने चालताना कान झाकून जाऊ नये. गाडीचा भोंगा ऐकू येणे हेही संरक्षणच आहे.

बंदूक नसलेल्या घरांसाठी

आपल्या घरात बंदूक नसेल, तरी हा लेख आपल्यासाठीच आहे. पाखरे आणि डुकरे हाकलण्यासाठी शेतात कार्बाइड घातलेल्या पाइपची बंदूक उडवली जाते. तिचा स्फोट कानाइतकाच डोळ्यांनाही घातक असतो, आणि माझे स्पष्ट मत आहे की ती घरी करूच नये. फटाक्यांच्या बाबतीत, उडण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणाऱ्यांवर कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात असू द्यावे. लग्नात आनंदाने हवेत गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकेल असा गुन्हा आहे. वरातीतला किंवा विसर्जनाचा डीजे सततचा असतो. तिथे फोमचे प्लग किंवा अंतर, यांपैकी एक तरी हवेच. कडबाकुट्टीवर आणि ट्रॅक्टरवर काम करणाऱ्यांनीही मफ जवळ ठेवावेत.

बारानंतर कानात शिट्टी वाजू लागली तर

मोठ्या आवाजानंतर कान बधिर झाला, शिट्टी वाजू लागली, भोवळ आली किंवा कानातून रक्त वा पाणी आले, तर 'होईल बरे' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. काही रुग्णांत लवकर सुरू केलेल्या स्टिरॉइडने उपयोग होतो आणि दिवस जातील तसा हा लाभ कमी होतो. मधुमेहींनी मात्र या काळात साखर वारंवार तपासावी. कानात तेल, थेंब किंवा पाणी घालू नये. पडदा फाटलेला असल्यास त्यातून संसर्ग आत जातो.

ज्यांचे ऐकणे आधीच कमी झाले आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. ऑडिओमेट्रीची तपासणी अर्ध्या तासाची असते आणि दुखत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्रासारखी साधने विनामूल्य मिळतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

काळजी घेणाऱ्यांना शेवटी एवढेच सांगतो. साधन आणून हातात देऊ नका. वडीलधाऱ्यांना दुकानात सोबत न्या. त्यांचा रोजचा चष्मा आणि रोजची टोपी घालूनच मफ लावून पाहा आणि निदान पंधरा मिनिटे डोक्यावर राहू द्या. कुठे रुतते, कुठे उकडते, काय ऐकू येत नाही, हे त्यांना विचारा आणि तक्रार केली तर रागावू नका, दुसरा प्रकार दाखवा. ज्यांनी कधी बंदूक चालवली आहे, पहारा केला आहे किंवा यंत्रावर आयुष्य काढले आहे, अशा घरातल्या प्रत्येकाची ऑडिओमेट्री या पंधरवड्यात करून घ्या आणि तिचा कागद रक्तदाबाच्या कागदांसोबत फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला तोच कामी येईल.